ब्रेकेज रजिस्टर

शनिवारी रात्री चिवल्यावर तुम्ही पाचजण होतात.
मी बाहेर आले नाही, आवाजांवरून मोजलं.
आमच्या पडवीपासून सुरूच्या झाडांपर्यंत चाळीस पावलं,
आणि वारा तुमच्याकडून आमच्याकडे.

तुझा आवाज मला पाठ आहे, शार्दूल.
गुरुवारी फळ्यासमोर उभा राहून
तू बेंझिनचं कडं असं समजावलंस
की सर म्हणाले, आता मी खाली बसतो.
शनिवारी त्याच आवाजात तू
समुद्राला आईवरून शिव्या देत होतास.
बाबा कुशीवर वळले.
"झोप गो, पोरां ती."

मग एक बाटली दगडावर.
मग हसणं. मग दुसरी.
फुटणं कुठे संपलं आणि हसणं कुठे सुरू झालं
ते उशीखाली कान दाबूनही कळेना.

रविवारी पहाटे रापण होती.
तुला रापण ठाऊक नसेल, तू सांगलीचा.
होडी जाळं सोडत अर्धगोल फिरून येते,
मग दोन्ही टोकांना तीस-पस्तीस माणसं
दोरी धरून मागे मागे चालतात, अनवाणी,
नजर पाण्यावर, पाठ गावाला.
मागे कुणी बघत नाही.
मागे आपलीच वाळू असते.

काच टाचेत गेली तेव्हा बाबा थांबले नाहीत.
एक थांबला की दोरी सैल पडते,
दोरी सैल पडली की पेडवे निसटतात
आणि पेडवे एकट्याचे नसतात.
"काय नाय गो, शिंपलो आसतलो."
आणि आणखी अकरा पावलं मागे.
अकरा,
कारण भरती यायच्या आत
मी वाळूतले डाग मोजले.

सात टाके. धनुर्वाताचं इंजेक्शन.
वीस दिवस पाय टेकायचा नाही.
ओढायला नाही त्याला वाटा नाही,
तरी तांडेलकाका अर्धी टोपली दारात ठेवून गेले.
आईनं ती परत पाठवली.
दुसऱ्या दिवशी ठेवून घेतली.

"कोणाचे झील गो ते?" आईनं विचारलं.
माका काय ठावक, मी म्हटलं.

सोमवारी तू जर्नल मागितलंस.
डोळे लाल, शर्टाला कडक इस्त्री.
"तुझं अक्षर काय सुंदर आहे गं, हेमांगी.
पण तू कधी बाहेर पडतच नाहीस."
मी जर्नल दिलं.
का दिलं, अजून कळत नाही.

दुपारी प्रॅक्टिकलला तुझ्या हातून ब्युरेट सुटली.
हात थरथरत होता, सगळ्यांनी पाहिलं,
सगळे आपापल्या फ्लास्कमध्ये बघत राहिले.
खानोलकर मामांनी ब्रेकेज रजिस्टर उघडलं:
नाव, वस्तू, नग, रक्कम, सही.
तू ऐटीत सही ठोकलीस.
मामांनी काचा सुपलीत भरल्या,
ओलं फडकं फरशीवर दोनदा फिरवलं.
तिथे कुणी अनवाणी येत नाही, तरी.

सगळे गेल्यावर मी ते पान काढलं
आणि तुझ्या नावाखाली लिहिलं:
बाटल्या, दोन.
टाच, एक. डावी.
रक्कम जमेना. वीस दिवसांचे वाटे, रिक्षा, गोळ्या,
इथवर ठीक होतं.
आईनं ठेवून घेतलेली ती टोपली
कुठल्या भावानं लावायची?
रकाना कोरा सोडला.

मंगळवारी मामांनी चष्मा कपाळावर चढवला.
"ह्यां कोणी लिवल्यान? टाच आमच्या स्टॉकात नाय."
वर्ग हसला. तू सगळ्यांत मोठ्यानं.
मी हात वर केला नाही.

मग तू रजिस्टर जवळ ओढलंस,
आधी तुझं नाव वाचलंस,
मग खालची ओळ,
मग पुन्हा, अक्षर अक्षर लावून.

माझं जर्नल अजून तुझ्याच बॅगेत होतं.